विटा, गाईचे ठिपके आणि शेअरचा भाव

हार्ड डिस्कच्या खोक्यात विटा! खोटं वाटेल, पण हे घडलंय. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या मिनिस्क्राइब या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साठ्यात १९८७ साली दीड कोटी डॉलरची तूट निघाली. ती लपवायला खोक्यांत विटा भरल्या, वर लेबलं डकवली आणि माल म्हणून रवाना केल्या. १९९०मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. गुंतवणूकदार मात्र बिंग फुटेपर्यंत ‘विक्री वाढतेय’ म्हणून खूश होते.

कॉम्प्युटर कसा विकला जातो, याचा शेअरशी इतका जवळचा संबंध असतो.

ॲडम ऑस्बर्नचंच घ्या. तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैत बालपण गेलेल्या या माणसानं १९८१मध्ये उचलून नेता येणारा कॉम्प्युटर बाजारात आणला. वजन ११ किलो, किंमत १,७९५ डॉलर. तडाखेबंद खप! शेअर बाजारात उतरायची तयारीही सुरू झाली. पण पुढच्या मॉडेलची घोषणा वेळेआधीच झाली आणि विक्रेत्यांनी चालू मॉडेल घेणंच थांबवलं. सप्टेंबर १९८३मध्ये कंपनी दिवाळखोरीत. अशा घाईच्या फटक्याला आजही ‘ऑस्बर्न इफेक्ट’ म्हणतात.

आणि डेल? मायकेल डेलनं १९८४मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत हजार डॉलरवर धंदा मांडला. मधे दुकानदार नको. गिऱ्हाईक फोनवर हवा तसा कॉम्प्युटर सांगणार, मगच तो जुळवला जाणार. खरी मेख पैशाच्या फिरण्यात होती. गिऱ्हाईक आधी पैसे देई, सुट्या भागांच्या पुरवठादारांना ते नंतर मिळत. म्हणजे धंदा वाढायचा तो दुसऱ्यांच्या पैशावर! शिवाय पुढे साठा जेमतेम चार-पाच दिवसांचाच राहू लागला. सुट्या भागांचे भाव सतत घसरणाऱ्या या धंद्यात पडून राहिलेला माल म्हणजे रोजचं नुकसान, ते डेलनं टाळलं. जून १९८८मध्ये साडेआठ डॉलरला आलेला शेअर नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सर्वाधिक परतावा देणाऱ्या शेअरांमध्ये जाऊन बसला. माझ्या मते कॉम्प्युटरच्या धंद्यातली सगळ्यात देखणी विक्रीपद्धत हीच.

मग लॅपटॉपचे दिवस आले. लोकांना वस्तू हातात घेऊन पाहायची होती. २००७मध्ये डेललाही वॉलमार्टच्या फळीवर यावं लागलं. त्याहून धक्कादायक गोष्ट २०१०मध्ये उघड झाली. फक्त आपल्याच चिप वापराव्यात म्हणून इंटेल डेलला पैसे देत होती आणि डेलनं ते भागधारकांना सांगितलं नाही, असा अमेरिकी बाजार नियामकाचा आरोप होता. २००७ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ही रक्कम कामकाजी नफ्याच्या ७६ टक्के होती! डेलनं आरोप मान्य-अमान्य न करता दहा कोटी डॉलर दंड भरला. २०१३मध्ये १३.७५ डॉलर भावानं शेअर परत घेऊन कंपनी बाजारातून बाहेरही पडली. ती परतली २०१८मध्ये.

गाईच्या ठिपक्यांची खोकी गेटवेची. ग्रामीण अमेरिकेतली ही कंपनी स्वतःच्या दुकानांवर भाळली, २००४मध्ये उरलेली १८८ दुकानं बंद करावी लागली, आणि २००७मध्ये एसरनं शेअरमागे १.९० डॉलर देऊन ती विकत घेतली.

ॲपलनं २००१पासून स्वतःचीच दुकानं काढली आणि ती चालली. मुंबईत बीकेसीतलं दुकान एप्रिल २०२३चं. म्हणजे दुकान वाईट नसतं, त्याचं भाडं भरून निघेल एवढा नफा वस्तूत असावा लागतो. १९९७मध्ये मायकेल डेल म्हणाला होता की, ॲपल बंद करून पैसे भागधारकांना परत द्यावेत. जानेवारी २००६मध्ये ॲपलचं बाजारमूल्य डेलच्या पुढे गेलं.

एचपीचा किस्सा प्रिंटरच्या शाईचा. तिमाही संपत आली की भरघोस सूट देऊन पुढच्या तिमाहीची कार्ट्रिजेस वितरकांच्या गळ्यात मारायची. आकडे छान, गोदामं तुडुंब! जून २०१६मध्ये वितरकांकडचा साठा ४५ कोटी डॉलरनं कमी करण्याची घोषणा करावी लागली. हे गुंतवणूकदारांपासून दडवल्याबद्दल २०२०मध्ये ६० लाख डॉलरचा दंड बसला.

तुमच्याकडे अशा कंपनीचा शेअर असेल, तर पुढचा तिमाही निकाल आल्यावर विक्रीच्या आकड्याशेजारी येणी आणि मालसाठा ठेवून बघा. विक्रीपेक्षा ते वेगानं वाढत असतील, तर माल नेमका कुणाच्या गोदामात पडलाय, हे कंपनीला जरूर विचारा.