मांजरीच्या केसांची कोंबडी

कोंबडीच्या अंगावर मांजरीसारखे केस! चीनमधल्या अशा कोंबड्यांविषयी मार्को पोलोने तेराव्या शतकातच सांगून ठेवलंय. ती बहुधा आजची सिल्की असावी.

कॅनडातही लोक हौसेने सिल्की पाळतात. पण तिथे हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्याही खाली जातो! इतर कोंबड्यांच्या पिसांतले तंतू एकमेकांत घट्ट अडकून पाणी अडवतात. सिल्कीच्या पिसांतले तंतू मोकळे, म्हणून ती पटकन भिजते. आणि भिजली की गारठलीच!

मग खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवायच्या? छे! इथेच फसगत होते. कोंबड्यांच्या श्वासातून, विष्ठेतून ओल निघते. ती कोंडली, की दमट हवेत तुरा गोठून काळा पडतो. म्हणून छताजवळ झरोका हवाच. वारा मात्र थेट अंगावर नको. सिल्कीला नीट उडता येत नाही. ती बरेचदा जमिनीवरच मैत्रिणींना बिलगून झोपते. तिच्यासाठी कोरड्या भुशाचा जाड थर हवा. उबेसाठी दिवा टांगावा, तर भुसा पेटायची भीती!

थोडक्यात काय, थंडीपेक्षा ओल वाईट. तेव्हा आई ‘केस नीट पूस’ म्हणाली, की कुरकुर करू नका हं!