बाथरूमचा दिवा घेताना

छताच्या मधोमध एकच दिवा असला, की आरशासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दाढी करताना नेमका गळाच नीट दिसत नाही. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, साधारण डोळ्यांच्या उंचीवर दिवे लावा. जागा नसेल तर आरशाच्या वर दुधी आवरणाची आडवी पट्टी चालेल. उजेड ४००० केल्विनच्या आसपास, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात चेहरा फिकट दिसतो, तो टाळाच.

खोक्यावरचा आयपी आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यातला दुसरा अंक पाण्याचा: ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा. बेसिनजवळ आयपी ४४ पुरे, शॉवरच्या वर मात्र आयपी ६५ घ्या. बटण बाहेरच्या भिंतीवर असू द्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्याच. ओल्या अंगाला बसलेला झटका जिवावर बेततो.

घरात आजी-आजोबा असतील तर रात्रीसाठी जमिनीलगत एक मंद, पिवळसर दिवा हवा. अर्धवट झोपेत त्यांना बटण चाचपडावं लागू नये.