स्वस्त बास गिटारीचे अंतरंग

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादक बैठकीपूर्वी ओली कणीक थापतो, हे आपल्या जिल्ह्यात कोणास निराळे सांगावयास नको. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर ह्यांनी हे वाद्य देशभर ऐकविले आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कणकेचे काम साधे आहे. तिच्या वजनाने पुडीचा कंप मंदावतो आणि आवाज खाली, खर्जात उतरतो. खोड उत्तम, शाई उत्तम, हातही तयार, परंतु मूठभर कणीक बेताची लागली नाही, तर सारा पखवाज पोकळ वाटतो. स्वस्त बास गिटारीचे बरेचसे असेच आहे. तिचे लाकूड आणि तिची मान आपण समजतो तितकी वाईट नसते. दारिद्र्य असते ते पाठीमागच्या अगर पुढच्या पाटीखाली, चार बोटे रुंदीच्या एका खाचेत. त्या खाचेविषयीच आम्हांला बोलावयाचे आहे.

बास गिटार आपणांस परकी राहिलेली नाही. राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवीत, आणि त्या गाण्यांच्या तळाशी चालणारी ती जाड, मऊ चाल आपण नाव न जाणता कितीदा तरी ऐकली आहे. आता लग्नाच्या वाद्यवृंदात, गणेशोत्सवाच्या मंचावर, भक्तिगीतांच्या कार्यक्रमातही ती दिसते. तिच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार मोकळी वाजविली असता सेकंदाला सुमारे ४१ कंप होतात. पुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ कंपांच्या आहेत. पुरुषाचा बोलण्याचा आवाजही सहसा इतका खाली जात नाही.

हे वाद्य घडविले कोणी, हे ऐकण्यासारखे आहे. तारा आडव्या धरून वाजवावयाची एक विजेची बास गिटार अमेरिकेतील सिॲटल शहरी पॉल टटमार्क ह्याने १९३० नंतरच्या दशकात केली होती, पण ती फारशी चालली नाही. जी चालली ती लिओ फेंडर ह्याची, १९५१ सालची. हा फेंडर कोण? कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ पासून रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालविणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे! म्हणून आम्ही म्हणतो, की आपल्या पेठेतील रेडिओ-दुरुस्तीवाल्याने ह्या वाद्याला परके मानण्याचे काही कारण नाही. आपल्याकडे ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते बटणांचे वाद्य तरी कोठले? १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता ह्याने केलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. त्यावर पिकप बसवून मिरवणुकीत दणदणविण्याची कला मात्र इकडच्या कारागिरांची.

आता खाचेत काय असते ते पाहू. तारांच्या खाली पिकप असतो. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, म्हणजे पिकप. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः किंचित चुंबक बनते. ती हलली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच, आणि परळीच्या वीजकेंद्रातील अजस्र जनित्र त्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की इकडे निघणारी वीज एका व्होल्टच्या लहानशा अंशाइतकी असते. ती पुढे आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटमधून आणि टोनच्या पॉटमधून जाते, आणि जॅकमधून बाहेर पडून वायरीने ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचते. इतका अशक्त प्रवाह वाटेत कोणीही लुटावा असाच असतो. सारे दुखणे ह्या वाटेवरचे आहे.

आमच्या गल्लीतील एक मुलगा लग्नाच्या वाद्यवृंदात बास वाजवितो. सुगीच्या दिवसांत शेतावर आणि लग्नसराईत मंचावर, असा त्याचा संसार. एके दिवशी तो गिटार घेऊन आमच्याकडे आला. "काका, ही नुसती घूं घूं करते. मालक म्हणतात, आवाज सुधारला नाही तर पुढच्या तारखांना दुसरा पोरगा बघतो. मुंबईहून नवा पिकप मागवू का? उसने घ्यावे लागतील." आम्ही त्याला म्हटले, "आधी पाटी उघडू, मग उसने घे." आणि त्याला घेऊन आम्ही ओळखीच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्या दुकानदाराने प्रथम पाटी उघडलीच नाही. गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि मुलाला सांगितले, "तारांना हात लाव. आता काढ. पुन्हा लाव." ही परीक्षा प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. तारांना हात लावला असता घूं कमी होत असेल, तर तारांपासून जमिनीपर्यंतची, म्हणजे अर्थची जोडणी ठीक आहे. उणीव आहे ती आतल्या आवरणाची. हात लावल्याने काहीच फरक पडत नसेल, तर तारा ज्या पुलावर बांधल्या आहेत त्या पुलाखालची वायर तुटलेली असण्याचा संभव आहे. आणि हात लावताच घूं वाढत असेल, तर जॅकवरील दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या असाव्यात. मुलाच्या गिटारीत काहीच फरक पडत नव्हता. पूल उचलून पाहिला, तो खालची वायर होती, पण रंगाच्या जाड थरावर तिचे टोक नुसते टेकलेले. पुलाच्या धातूशी तिचा नीट संबंधच येत नव्हता. पुलाची खालची बाजू घासून, तिथे उघडी तांब्याची तार पसरून, पूल पुन्हा आवळला. अर्धी घूं तिथेच गेली. खर्च शून्य.

उरलेल्या घूंसाठी आवरण. आपल्या सभोवती विजेच्या वायरी आहेत, आणि त्यांतून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज वाहते. तिचे क्षेत्र त्या खाचेतील उघड्या वायरींत शिरते. गंमत अशी, की जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर सेकंदाला ४९ कंपांचा आहे. म्हणजे तो स्वर धरला की घूं आणि स्वर ह्यांत एका कंपाचे अंतर पडते आणि सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू येतो. वादकाला वाटते, आपला सूर उतरला. तो खुंटी पिळीत बसतो. दोष खुंटीचा नव्हेच. उपाय असा, की खाचेच्या भिंती, तळ आणि पाटीची आतली बाजू तांब्याच्या चिकटपट्टीने मढवावी, पट्टीच्या तुकड्यांचे सांधे डाख देऊन एकजीव करावे आणि सारे आवरण अर्थच्या वायरीला जोडावे. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागदही हे काम करतो, पण त्याला सहज डाख बसत नाही. स्क्रूखाली दाबून जोडणी करावी लागते. एक सावधगिरी: पॉटचे अगर जॅकचे जिवंत टोक त्या आवरणाला टेकता कामा नये. टेकले की गिटार मुकी होते, आणि मग नवशिक्याची घाबरगुंडी उडते.

येथे आम्हांला जरा थांबावयाचे आहे, कारण प्रश्न सुराचा नसून जिवाचा आहे. तारा अर्थला जोडल्या म्हणजे वादकाचे दोन्ही हात वायरीवाटे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाशी जोडले गेले. ॲम्प्लिफायरला तिसरी पिन असून तिची जोडणी खरोखर जमिनीपर्यंत असेल, तर भीती नाही. परंतु मांडवातील वायरिंग आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन पिनांचे बोर्ड, काड्यापेटीच्या काड्या खोचून बसविलेल्या वायरी, आणि तिसऱ्या पिनेचे भोक नुसते शोभेला. अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या आत विजेची गळती झाली, तर २३० व्होल्ट तारांवर येऊ शकतात. वादकाने त्याच क्षणी नीट अर्थ असलेल्या मायक्रोफोनला हात अगर ओठ लावला, की वर्तुळ त्याच्या छातीतून पुरे होते. उलटही घडते: गिटार नीट आणि मायक्रोफोन जिवंत. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्झी येथे स्टोन द क्रोज ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच मंचावर मरण पावला. आमचा दुकानदार आपल्या पद्धतीने म्हणाला, "साहेब, अर्थ नसला की अनर्थ." त्याने मुलाला दोन गोष्टी सक्तीने सांगितल्या. घूं जावी म्हणून तिसरी पिन कधीही तोडावयाची नाही, दुसऱ्याने तोडून दाखविली तरी. आणि मंचाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा स्विच बसवून तो बोर्ड स्वतःबरोबर न्यावयाचा. अर्थात त्या स्विचमुळे अर्थ अनावश्यक होत नाही, दोन्ही हवेत.

पॉटविषयी थोडे. स्वस्त गिटारीतील पॉट फिरविताना खरखर करतात, ते आतील कार्बनचा पट्टा झिजल्यामुळे. दुसरा दोष कमी लोकांच्या ध्यानात येतो. आपला कान आवाज पटीने मोजतो. म्हणून आवाजाचा पॉट सरळ वाटणीचा असेल, तर बटण पूर्ण भरापासून निम्म्यापर्यंत आणले तरी फारसा फरक जाणवत नाही, आणि पुढे शेवटच्या टप्प्यात आवाज एकदम कोसळतो. आशियाई बनावटीच्या पॉटवर सरळ वाटणीला 'बी' आणि कानाच्या वाटणीला 'ए' अशी खूण बहुधा असते. ए खुणेचे अडीचशे किलो-ओहमचे पॉट आणि एक मजबूत जॅक, एवढे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणीही देईल. टोनच्या कपॅसिटरची किंमत ०.०४७ मायक्रोफॅरड हवी. त्यावर ४७३ असे छापलेले असते. तेलात बुडविलेल्या कागदाचे महागडे कपॅसिटर 'उबदार आवाज' देतात, असे सांगणारे भेटतील. आकडा तोच असेल तर कानाला फरक कळत नाही, असे आमचे मत आहे, आणि त्या पैशात तारांचा नवा संच घ्यावा.

डाख नीट द्यावा, हे वेगळे सांगावयास हवे का? हवे. पॉटच्या पाठीवर अर्थच्या वायरी जोडताना नवशिके घाई करितात. पाठीचा पत्रा पुरेसा तापत नाही, कथील नुसते थेंबासारखे वर बसते आणि दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात ते तयार होते. दुकानात वाजते, मांडवात ढोलाच्या दणक्याने सुटते. पत्रा आधी घासावा, तापवावा, मग कथील आपोआप पसरते.

एवढे करूनही समाधान नसेल, तरच पिकप. फेंडरच्या १९५१ सालच्या बासला एकच सलग पिकप होता आणि तो घूं ओढून घेई. कारण तांब्याचे आवरण विद्युत्क्षेत्र अडविते, ट्रान्स्फॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र अडवीत नाही. १९५७ साली त्याने पिकपचे दोन तुकडे केले. प्रत्येक तुकडा दोन तारांखाली. एकाचे वेढे उलट आणि चुंबकही उलट. बाहेरून आलेली घूं दोन्ही तुकड्यांत सारखी शिरते, पण वेढे उलटे असल्यामुळे एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे पडते, शिल्लक शून्य. तारेचा स्वर मात्र वेढ्यांनी एकदा आणि चुंबकाने एकदा असा दोनदा उलटतो, म्हणून तो शिल्लक राहतो. आपल्या गिटारीत असे तुकड्यांचे पिकप असतील, तर ते बदलण्याची घाई करू नये. दोन सलग पिकप असतील, तर ते बहुधा एकमेकांच्या उलट वेढ्यांचे असतात. दोहोंची बटणे पूर्ण उघडी ठेवली की घूं मरते. पिकपची उंचीही पाहावी. तारेच्या फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर वेडावाकडा होतो. दोन स्क्रूंचे काम आहे.

राहिली बॅटरीवर चालणारी आतली योजना. १९७६ सालच्या म्युझिक मॅन स्टिंगरे बासपासून ती लोकप्रिय झाली. नऊ व्होल्टची बॅटरी आतल्या सर्किटला बळ देते; लांब वायरीत होणारी तीव्र स्वरांची गळती थांबते आणि खर्ज वाढविता येतो. तथापि आमच्याकडील लहान स्पीकरला ४१ कंप झेपतच नाहीत. आपल्याला तो स्वर ऐकू येतो तो बराचसा वरच्या स्वरांशांवरून कानाने ताडलेला असतो. अशा स्पीकरला वाढीव खर्ज पाजला की त्याचा कागद नुसता फडफडतो. शिवाय जॅकची पिन आत राहिली की बॅटरी रात्रभर जळत राहते आणि वरातीच्या ऐन वेळी दगा देते. जिथे मंच मोठा, वायर लांब, स्पीकर दमदार, तिथे ती जरूर असावी.

त्या मुलाने पिकप मागविला नाही. पूल घासला, खाच मढविली, दोन पॉट आणि जॅक बदलला, नव्या तारा चढविल्या. उसने घ्यावे लागले नाहीत. उरलेल्या पैशात तिसऱ्या पिनेचा बोर्ड झाला. पुढच्या लग्नात मंडपवाल्याने त्याला हसून विचारले, "हे कपाट कशाला आणलंस रे?" त्याने बोर्ड लावून पाहिला, तो मंचावरच्या तिसऱ्या पिनेला जोडणीच नव्हती. मालक चिडले, नवरदेवाचे मामा घड्याळ पाहू लागले, आणि मांडवामागे लोखंडी सळई ठोकून, पाणी ओतून, वायर जोडून होईपर्यंत वीस मिनिटे वाद्यवृंद गप्प बसला. मग तो वाजू लागला.