गटात न बसणारा कोण?

अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये ‘ऑड वन आउट’ दिसला की पोटात गोळा येतो? मढच्या जेट्टीवर मिळालेला हा फंडा खास तुमच्यासाठी!

26, 37, 50, 65, 80.

यातली गटात न बसणारी संख्या कोणती? पटकन सांगा. घड्याळ चालू आहे!

मी सांगितलं होतं, 37. दोन वर्षांपूर्वी एका जॉबसाठी ऑनलाइन टेस्ट दिली, तेव्हा हाच प्रश्न स्क्रीनवर आला. 37 ही एकटीच मूळ संख्या, म्हणजे 1 आणि स्वतःशिवाय कुणाचाच भाग न जाणारी. बाकीच्या चौघींना कुणाचा ना कुणाचा भाग जातोच. शाळेतलं गणित आठवलं म्हणून स्वतःवर जाम खूश होत मी क्लिक केलं. शेवटी उत्तरं झळकली. बरोबर उत्तर होतं 80. जॉब हुकला. एका प्रश्नामुळे नव्हे, पण माझा राग मात्र त्या 80 वरच राहिला.

तो राग निवळला मढला. वर्सोव्याहून बोटीने खाडी ओलांडली की पलीकडे मढ. रस्त्याने जायचं तर मालाडला वळसा. तिथे राहणारी माझी एक मैत्रीण बँकेच्या भरती परीक्षेची तयारी करते. दोनदा थोडक्यात हुकलीय. एका रविवारी तिला मी माझं रडगाणं ऐकवलं.

‘‘अगं, तू वेगळी संख्या शोधत बसलीस. आधी सारख्या शोध ना!’’ असं म्हणून तिने तिच्या आईकडे बोट दाखवलं. सकाळी बोटीतून आलेला माल समोर पडला होता. बोंबील, मांदेली, करंदी, सगळं एकत्र. आईचे हात झरझर चालत होते. ‘‘आई काय वेगळं आहे ते बघतच नाही. बोंबील बोंबलात, मांदेली मांदेलीत. शेवटी जे उरतं ते वेगळं.’’

आता पुन्हा बघा. 26 म्हणजे 5 चा वर्ग अधिक 1. 37 म्हणजे 6 चा वर्ग अधिक 1. 50 म्हणजे 49 अधिक 1, 65 म्हणजे 64 अधिक 1. पुढे 9 चा वर्ग 81, म्हणजे हवी होती 82. आली 80. चौघी एका माळेत, पाचवी बाहेर!

मग माझं 37 चूक का? ती एकटी मूळ आहे, हे खरंच. पण बाकीच्या चौघींना जोडणारं काय? तर त्या मूळ ‘नाहीत’. नसणं हे फार कच्चं नातं. ऑफिसात ज्यांच्याकडे बाइक नाही अशा चौघांचा ग्रुप होत नाही. रोज एकाच डब्यात भेटणाऱ्या चौघांचा होतो. वर्गाला 1 जोडणं हे तसं पक्कं नातं.

पाच चाळण्या

पक्कं नातं शोधायचं कसं? मैत्रीण या क्रमाने जाते:

1. सम की विषम? नुसता शेवटचा अंक बघा.

2. कशाचा भाग जातो? अंकांच्या बेरजेला 3 किंवा 9 ने भाग जात असेल, तर संख्येलाही जातो. 23, 31, 47, 51, 61 यात 51 मूळ असल्याचा आव आणते. पण 5 + 1 = 6, म्हणजे 3 चा भाग जाणार. 51 = 3 × 17. पकडली! बाकी चारही मूळ.

3. वर्ग किंवा घन आहे का? 20 पर्यंतचे वर्ग आणि 10 पर्यंतचे घन पाठच हवेत.

4. वर्गाच्या किंवा घनाच्या शेजारी आहे का? एकने पुढे, एकने मागे. मी इथेच आपटले होते.

5. अंकांचं संख्येशी काही नातं आहे का?

या पाचव्या चाळणीचा बादशहा आपल्याच वेस्टर्न लाइनवरचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणू. 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. पदवीपुढची डिग्री नाही, पण संख्यांमधली नाती शोधण्याचा नाद आयुष्यभर. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे मास्तर कळले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ 24. 2 + 4 = 6, आणि 24 ला 6 ने भाग जातो.

आता हे घ्या: 20, 21, 24, 42, 44. कापरेकरांच्या नजरेने 44 बाहेर, कारण 4 + 4 = 8 आणि 44 ला 8 ने भाग जात नाही. बाकी चारही हर्षद. पण तुमचा शेजारी म्हणेल, 21 बाहेर, ती एकटी विषम. आणि तोही बरोबर, कारण बाकी चौघी सम आहेत, हेही पक्कंच नातं!

म्हणजे दोन उत्तरं असू शकतात? असू शकतात. मग दोष तुमचा नाही, प्रश्न काढणाऱ्याचा. परीक्षेत अशा वेळी सोपं नातं आधी धरायचं, कारण पेपर काढणाऱ्याच्या मनात बहुतेकदा तेच असतं. तरीही मन डळमळत असेल तर सरळ पुढे जायचं. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. मैत्रीण म्हणते, आधीच्या दोन्ही वेळा तिला प्रश्न न येण्यापेक्षा अंदाजपंचे ठोकलेली उत्तरंच महागात पडली. यंदा तिने ठरवलंय, चौघींचं नातं एका वाक्यात सांगता आलं तरच टिक करायची. नाहीतर नाही.

परतीच्या बोटीत बसताना तिने काठावरून एक कोडं फेकलं. तुम्हीही घ्या, उद्या लोकलमध्ये सोडवायला:

7, 26, 63, 124, 217.

7 वर बोट गेलं? एकटी मूळ आहे म्हणून? थांबा! माझंही तिथेच गेलं होतं. उत्तर आहे 217. का, ते चौघींना विचारा.