व्हेनिस नगर आणि त्याचें पाणी

पुतळ्यांची माळ हा दागिना ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळेंच. ज्या सोन्याच्या नाण्यावरून ती माळ निघाली तें 'पुतळी' नांवाचें नाणें मुळांत इटली देशांतील व्हेनिस नगराचें, हें मात्र आपल्यापैकीं थोड्यांस माहीत असेल. इ. स. १२८४ सालीं तेथील प्रजासत्ताकानें हें 'डुकाट' नाणें पाडण्याचें ठरविलें. त्याच्या एका बाजूस उभा असलेला संत मार्क व त्याच्यापुढें गुडघे टेकलेला नगराचा अधिपति अशा दोन आकृति असत; त्यांवरूनच आपल्या लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें असावें. मिरीं, मसाले इत्यादि मालाच्या मोबदल्यांत हें नाणें पूर्वेकडे येई. पाण्यावर वसलेल्या व पाण्यावरच श्रीमंत झालेल्या त्या नगरास आज पाण्यापासून आणि पाहुण्यांपासून कसें वांचवावें, हा मोठा प्रश्न होऊन बसला आहे.

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोंकास सुमारें ५५० चौरस किलोमीटरांचें एक उथळ, खारें सरोवर आहे. समुद्र व सरोवर ह्यांच्या मध्यें रेतीचे लांब, अरुंद बांध असून त्यांत लिडो, मालामोक्को व किओज्जा अशीं तीन तोंडें आहेत. भरतीचें पाणी ह्या तोंडांनीं आंत येतें व ओहोटीबरोबर बाहेर जातें. कोंकणांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या खाजणांची आठवण करावी म्हणजे चित्र डोळ्यांपुढें उभें राहील. ह्या सरोवरांतील शंभराहून अधिक लहान बेटें चारशेंहून अधिक पुलांनीं जोडून व्हेनिस नगर झालें आहे. चिखलांत लांकडाच्या मेढी जवळ जवळ ठोकून, त्यांवर इस्ट्रियाचा घट्ट दगड बसवून, मग विटांच्या भिंती उभारलेल्या आहेत. लांकूड पाण्यांत कुजत कसें नाहीं, असें कोणी विचारील. खोल चिखलांत प्राणवायु पोहोंचत नाहीं, आणि त्यावांचून लांकूड कुजविणारे जीव फोफावत नाहींत, हें त्याचें उत्तर. खरी नाजूक जागा वर आहे. दगडाच्या थरापलीकडे पाणी चढलें कीं तें विटांत शिरतें. वाळतांना क्षार मागें राहतो आणि वीट भुगा होऊन गळूं लागते. म्हणून पाणी चार बोटें जास्त कीं कमी, ही तेथें क्षुल्लक गोष्ट नव्हे.

नवल असें कीं, पूर्वींच्या व्हेनिसकरांस भीति होती ती नेमकी उलट. ब्रेंटा, पियाव्हे, सिले ह्या नद्या गाळ आणून सरोवर बुजवितील, मग जहाजें यावयाचीं कोठून, शत्रु मात्र पायीं चालत येईल, ही त्यांची चिंता. त्यांनीं शतकानुशतकें खपून त्या नद्यांचीं मुखें सरोवराबाहेर वळविलीं. १५०१ सालीं केवळ पाण्याचा कारभार पाहण्यासाठीं एक स्वतंत्र अधिकारी मंडळ नेमलें, आणि अठराव्या शतकांत रेतीच्या बांधांवर समुद्राच्या बाजूस दगडी तट बांधले. सरोवर आपोआप टिकत नाहीं, तें रोज सांभाळावें लागतें, हें त्या राज्यानें पक्कें ओळखलें होतें.

विसाव्या शतकांत हा तोल बिघडला. किनाऱ्यावर मार्गेरा येथें कारखाने निघाले. त्यांच्यासाठीं भूगर्भांतील पाणी उपसलें गेलें व जमीन खचली. १९७० नंतरच्या दशकांत हा उपसा थांबविण्यांत आला, पण खचलेली जमीन वर येत नाहीं. इकडे समुद्राची पातळी चढत गेली. १८९७ सालीं पाणी मोजण्यासाठीं जी शून्यरेषा ठरविली, तिच्या मानानें समुद्र आज तीस सेंटिमीटरांहून अधिक वर आला आहे. भरती तेथें फारशी मोठी नसते, उधाणास सुद्धां सुमारें एक मीटरच. परंतु शरद व हिंवाळा ह्या ऋतूंत दक्षिणेकडून 'सिरोक्को' नांवाचा वारा लांबट, चिंचोळ्या एड्रियाटिकचें पाणी उत्तरेकडे रेटतो. त्यांतच हवेचा दाब उतरलेला असला आणि भरती आली, कीं पूर येतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं पाणी शून्यरेषेच्या वर १९४ सेंटिमीटर चढलें. ओहोटीची वेळ झाली, तरी वाऱ्यानें पाणी बाहेर जाऊं दिलें नाहीं. ११० सेंटिमीटरांस नगराचा सुमारें आठवा हिस्सा व १४० सेंटिमीटरांस निम्म्याहून अधिक नगर भिजतें, ह्यावरून त्या दिवसाची कल्पना यावी. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्रीं पुन्हां १८७ सेंटिमीटर पाणी आलें.

ह्यावर योजिलेल्या उपायाचें नांव 'मोझे'. तें यंत्राच्या लांब नांवाचें संक्षिप्त रूप आहे, आणि तांबड्या समुद्राचें पाणी दुभंगविणाऱ्या मोशेचेंही तेंच इटालियन नांव! तिन्ही तोंडांच्या तळाशीं मिळून ७८ पोकळ पोलादी दारें आडवीं निजविलेलीं आहेत. एरव्हीं तीं पाण्यानें भरलेलीं असतात. मोठी भरती येणार असा अंदाज आला, कीं त्यांत दाबलेली हवा सोडतात. पाणी बाहेर जातें, दारें हलकीं होतात व सुमारें अर्ध्या तासांत वर उठून सरोवर व समुद्र वेगळे करितात. काम २००३ सालीं सुरू झालें. मध्यंतरीं २०१४ सालीं लांचलुचपतीच्या प्रकरणांत खुद्द नगराध्यक्षास अटक झाली. अखेर ३ ऑक्टोबर २०२० रोजीं दारांनीं पहिली भरती अडविली. त्याच वर्षीं ८ डिसेंबरला अंदाज कमी आल्यामुळें दारें उचललीं नाहींत व नगर बुडालें. यंत्र कितीही मोठें असो, तें हवामानाच्या भाकितावर चालतें. उलट नोव्हेंबर २०२२ मध्यें समुद्र १७० सेंटिमीटरांच्या वर चढला असतां आंत रस्ते कोरडे होते. मात्र दारें मिटलीं कीं जहाजांची वाहतूक अडते आणि सरोवराचें पाणीही खेळत नाहीं. समुद्र जसजसा वर येईल तसतशीं तीं अधिक वेळां मिटावीं लागतील, ही अडचण पुढें उभीच आहे.

आतां पाहुण्यांचा पूर. पांच पांच मजली घरांहून उंच अशा प्रचंड आगबोटी हजारों उतारूंसह थेट संत मार्काच्या चौकासमोरून जात. त्यांच्यामुळें ढवळणाऱ्या पाण्यानें तळ व कांठ झिजतात अशी नगरवासीयांची तक्रार होती. २ जून २०१९ रोजीं अशीच एक आगबोट ताबा सुटून धक्क्यावर व तेथील एका लहान नौकेवर आदळली. कांहीं लोक जखमी झाले. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांस त्या मार्गानें बंदी झाली. बरीच मोठीं जहाजें आतां मार्गेराकडे जातात. परंतु तिकडचा खोल कालवा विसाव्या शतकांत खणलेला असून, सरोवरांतील गाळ वाहून जाण्यास तोही कारण झाला आहे, हें विसरून चालणार नाहीं.

दिवसापुरत्या येणाऱ्यांवर २५ एप्रिल २०२४ पासून पांच युरोंचा प्रवेशकर बसविण्यांत आला. त्या वर्षीं २९ दिवस, तर २०२५ सालीं ५४ दिवस, आणि आयत्या वेळीं येणाऱ्यास दुप्पट. त्यासाठीं इतका लांबचा प्रवास करून आलेला मनुष्य पांच युरोंसाठीं माघारी फिरेल, असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. वाटाड्याबरोबर पंचवीसांहून अधिक माणसें नेऊं नयेत व कर्णे वाजवूं नयेत हा २०२४ चा नियम लहान खरा, पण गल्लींत राहणाऱ्यास अधिक उपयोगी.

कारण प्रश्न अखेर तेथें राहणाऱ्यांचा आहे. १९५१ सालीं मूळ नगरांत सुमारें पावणेदोन लाख लोक राहत; २०२२ सालीं ही संख्या पन्नास हजारांच्या खालीं गेली. तळमजला भिजतो, वरचा मजला प्रवाशांस भाड्यानें दिल्यास अधिक किफायत होते, आणि पाव व भाजी विकणाऱ्या दुकानांत मुखवटे विकले जातात. मग तरुण कुटुंबें पलीकडच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवितात. २००८ सालीं तेथील एका औषधालयाच्या खिडकींत नगरांत उरलेल्या रहिवाशांचा आंकडा दाखविणारा फलक लावण्यांत आला. औषध घेण्यास जाणारे तो वाचून पुढें जात.