सावलीतल्या पाण्याची भूक

पोरांनो, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस ओसरला तरी झरे पुढे कितीतरी दिवस पाझरत राहतात. वावरसारख्या गावाच्या ओहोळावर उंबर-जांभळीची सावली एवढी दाट, की भर दुपारी पाणी काळं दिसतं. त्या पाण्यात हात घाला, दगडांना ओलं मॉस चिकटलेलं लागेल. उन्हाचा कवडसा पडला तर पडला. मग हे मॉस जगतं कशावर?

तेच मॉस शहरात कुणी काचेच्या पेटीत माशांबरोबर ठेवलं की हळूहळू मलूल होतं. माणसाला वाटतं, उजेड कमी पडला. तो आणखी एक दिवा लावतो. मॉस तसंच राहतं आणि काचेवर मात्र शेवाळ धरतं. त्याचं खरं अडलेलं असतं ते कार्बन डायऑक्साइडपाशी.

रानातल्या झाडाला हा वायू वाऱ्याबरोबर आयता मिळतो. पाण्यात तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. पानालगत स्थिर पाण्याचा पातळ थर असतो. पान तेवढ्यातला वायू ओढून घेतं आणि नवा येईपर्यंत उपाशी राहतं. त्यात पेटीतलं पाणी उघड्या हवेत राहून लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम वायू धरतं.

ओहोळाला जास्तीचा वायू देते माती. जंगलाच्या मातीत मुळं श्वास घेतात, बुरशी आणि जिवाणू पाचोळा कुजवतात, आणि मातीच्या पोकळ्यांत बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधी त्याहूनही कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड साठतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपताना तो पोटात घेतं आणि झऱ्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. ज्या झाडांनी वर ऊन अडवलं, त्यांचाच पाचोळा खाली वायू पुरवतो! मला या देण्याघेण्याचं फार अप्रूप वाटतं.

पण ऊन नाही तर नुसत्या वायूचा उपयोग काय, असं विचाराल. पानात रुबिस्को नावाचं प्रथिन वायू पकडतं. वायू कमी असला की ते चुकून ऑक्सिजन पकडतं, आणि ती चूक निस्तरण्यात पानाने कमावलेली शक्ती वाया जाते. भर उन्हात ही नासाडी परवडते, सावलीत परवडत नाही. वायू मुबलक असला की नासाडी कमी होते, वायू पकडायच्या यंत्रणेवरचा खर्चही घटतो, आणि ती बचत पानाला हरितद्रव्य वाढवायला वापरता येते. उजेड तेवढाच, पण हाती जास्त लागतो.

आता हायड्रिला बघा. शाळेत नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे मोजतात, तीच. आपला डोंगर बेसाल्टच्या काळ्या कातळाचा. वायू मुरलेलं पाणी किंचित आंबट होतं, कातळ हळूहळू झिजवतं, आणि तेवढा वायू बायकार्बोनेट होऊन पाण्यात अडकतो. मॉसला तो घेता येत नाही. हायड्रिला मात्र पानाच्या खालच्या बाजूने आम्ल सोडते, बायकार्बोनेटचा पुन्हा वायू करते आणि शोषते. वरच्या बाजूला कधी चुन्याचा पांढरा खरखरीत थर बसतो, तो या खटाटोपाचाच.

जगदीशचंद्र बोस यांनी हिच्यावर बारकाईने प्रयोग केले. १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावरच्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं, की उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते आणि मॅलिक आम्लाचाही उपयोग करून घेते. त्यामागचं कारण पुढे कित्येक दशकांनी फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. पाणी तापलं, वायू संपत आला, की ती ऊस-मक्याची चाल धरते: वायू आधी आम्लात साठवते, मग रुबिस्कोच्या शेजारी मोकळा करते. उसाला यासाठी दोन तऱ्हेच्या पेशी लागतात, ही एकाच पेशीत उरकते!

एवढ्या कसरतीला शक्ती लागते, आणि अंधाऱ्या पेटीत तिचाच तुटवडा. म्हणून तिथे वायू आयता द्यावा. मोहाची फुलं मडक्यात भिजत घातली की फेस येतो, तो याच वायूचा. यीस्ट साखर खातं आणि साखरेचं जवळपास निम्मं वजन वायू होऊन उडून जातं. हौशी माणसं बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालतात आणि बुचातून नळी काढून पेटीत सोडतात.

मात्र बेताने. लिटरमागे तीस मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. कमी उजेडात त्याच्या निम्म्यानेही भागतं. अती झालं तर माशांच्या रक्तातला वायू कल्ल्यांतून बाहेर पडेनासा होतो, आणि ते वर येऊन धापा टाकतात. रात्री झाडंही वायूच सोडतात, म्हणून दिवा मालवताना नळी पाण्याबाहेर काढा. नळीला गाठ मारून किंवा चिमटा लावून ती बंद करू नका. यीस्ट रात्रीही थांबत नाही, बाटली फुटेल.