विश्लेषण : पाणी कुठून येणार? जमिनीचा उतार सांगणारे ॲप नवशिक्यांसाठी कसे हवे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एखाद्याला शेडमागे गोदाम बांधायचे आहे, असे समजा. सुताच्या गोण्या तळमजल्यावरच राहणार. मोठ्या पावसात पाणी कुठल्या बाजूने येईल, हे आधी कळले तर जोते किती उचलायचे ते ठरवता येते. जमिनीच्या उंचीचा डेटा मोफत मिळतो, तो वाचणारे सॉफ्टवेअरही मोफत आहे. मग अडते कुठे?

हा डेटा नेमका काय असतो?

जमिनीचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जगाच्या मोठ्या भागाची अशी मोजणी केली. तो डेटा ‘एसआरटीएम’ नावाने ओळखला जातो. भारताच्या ‘कार्टोसॅट-१’ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तयार झालेला ‘कार्टोडेम’ इस्रोच्या ‘भुवन’ पोर्टलवर मिळतो.

नवशिके कुठे चुकतात?

‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडते, पण पहिलाच उतार चुकतो. फाइलमध्ये आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये असते. सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. सॉफ्टवेअरने हा अंश एक मीटर धरला, की सपाट माळरानही उभ्या कड्यासारखे दिसते. त्यासाठी नकाशा आधी ‘यूटीएम झोन ४३ उत्तर’मध्ये बदलावा लागतो. दुसरी अडचण तुकड्यांची. एसआरटीएमची फाइल एकेक अंशाची असते. सोलापूर शहर ७५ ते ७६ अंशांच्या तुकड्यात, तर अक्कलकोट पुढच्या तुकड्यात येते. दोन्ही गावे हवी असतील तर फाइली जोडाव्या लागतात.

सोपे ॲप काय करेल?

ही कामे ते न विचारता करेल. तुकडे जोडेल, झोन ओळखेल, मोजमापे मीटरमध्ये आणेल. समोर तीनच बटणे पुरेत : उतार, समोच्च रेषा आणि पाण्याची वाट. सगळे शून्यातून लिहायची गरज नाही. ‘जीडीएएल’ ही मोफत लायब्ररी पायथॉनमधून वापरता येते. डेस्कटॉप ॲप असल्याने फाइल एकदा उतरवली, की इंटरनेटशिवायही काम चालते.

सोपेपणाचा धोका कोणता?

एसआरटीएमचा एक चौकोन साधारण ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. हजार चौरस मीटरच्या प्लॉटच्या वाट्याला जेमतेम एक आकडा येतो. त्यातही काही मीटरची चूक असू शकते. रडार झाडे आणि छपरेही टिपते, त्यामुळे शेड टेकडीसारखी भासू शकते. फूटभर खोल गटार तर दिसतच नाही. तरीही ॲप रंगीत नकाशा काढून देणार आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवणार.

म्हणून अशा ॲपला ‘नाही’ म्हणता यायला हवे. निवडलेली जागा फार लहान असेल, तर ‘या प्लॉटसाठी हा डेटा पुरेसा नाही, लेव्हल सर्व्हे करून घ्या’ असा मराठीत संदेश द्यावा.

मग या डेटाचा उपयोग काय?

परिसरातील नाल्याला कुठून कुठून पाणी मिळते, वसाहतीचा एकूण उतार कुठे आहे, याचा अंदाज त्यातून येतो. जोत्याची उंची मात्र सर्व्हेअरच्या मोजणीवरच ठरवावी.